'सावधान' उभं राहिल्यावर चक्कर का येते?

एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? आमच्या होटगीकडे, म्हणजे दक्षिण सोलापुरात, काही मुलांच्या घरी मराठी बोलतात तर काहींच्या घरी कन्नड. शाळा मराठी माध्यमाची. पण मैदानावर हुकूम सुटतो तो हिंदीत: "सावधान! विश्राम! दाहिने मुड!" हे शब्द लष्कराच्या आणि एनसीसीच्या परेडचे आहेत. ते पीटीच्या तासात कसे शिरले, आणि त्याचा झेंडावंदनाला चक्कर येऊन पडणाऱ्या मुलाशी काय संबंध, ते आज बघू.

सुरुवात युरोपात झाली. 1811 मध्ये बर्लिनजवळ यान यांनी मोकळ्या मैदानात कसरतीचे वर्ग सुरू केले. 1813 मध्ये लिंग यांनी स्टॉकहोममध्ये व्यायामसंस्था काढली. दोघांच्याही मनात नेपोलियनच्या काळातली युद्धं होती, तरुणांची शरीरं देशासाठी घडवायची होती. लिंग यांच्या पद्धतीतले बरेच व्यायाम जागेवर उभं राहून, हुकमाबरोबर करायचे. साधन लागत नाही, एक शिक्षक शंभर मुलं सांभाळतो. ही पद्धत इंग्लंडच्या शाळांत रुजली. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत या तासाला 'ड्रिल' म्हणत आणि शिकवायला बऱ्याचदा निवृत्त सैनिक असायचे.

आपल्याकडे दुसरी परंपरा होतीच, ती म्हणजे तालीम. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची सुरुवात केली, तेच पुढचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाचा शरीरावरचा परिणाम उपकरणांनी मोजायला घेतला. 1937 मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली तेव्हा अध्यक्षही तेच होते. 1938 मध्ये कांदिवलीला शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

मग स्वातंत्र्यानंतर पुन्हा कवायत का? 1954 मध्ये दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू झाली. ती मांडणारे जनरल जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेतले अधिकारी, मूळचे सावंतवाडीकडचे. फाळणीत सगळं गमावलेल्या मुलांना शिस्त आणि आत्मविश्वास मिळावा, हा हेतू प्रामाणिक होता. योजना इतर राज्यांत पसरली. 1959 मध्ये नेमलेल्या कुंझरू समितीने एनसीसी वगळता अशा वेगवेगळ्या योजना एकत्र करून शाळांसाठी एकच कार्यक्रम ठेवावा असं सुचवलं. नावं बदलली, रांग मात्र राहिली. माझ्या मते त्याचं मोठं कारण तेच जुनं: कमी शिक्षक, जास्त मुलं, साधन शून्य.

आता शरीराकडे येऊ. आपण उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणामुळे मोठ्या माणसाचं साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरतं. ते वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त हृदयाकडे जातं. 'सावधान'मध्ये हा पंप जवळजवळ बंद. त्यात सोलापूरचं ऊन असेल तर त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी कमी होतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि मूल कोसळतं. सकाळी काही न खाता आलेलं मूल तर लवकरच. बैठका मारताना पोटऱ्या सतत काम करत असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न असा येत नाही.

गंमत म्हणजे हे लष्कराला ठाऊक आहे. परेडला बराच वेळ उभं राहणाऱ्यांना सांगतात: गुडघे आवळून धरू नका, बुटात पायाची बोटं हलवत राहा. आपल्या शाळांनी हुकूम घेतला, ही युक्ती घ्यायची राहिली.

मूल पडलं तर काय करायचं? आपण चटकन त्याला उठवून बसवतो, तेच करू नका. आडवं झाल्यावर डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि रक्त मेंदूकडे पोचतं. सावलीत उताणं झोपवा, पाय फूटभर वर धरा, कॉलर-पट्टा सैल करा, गर्दी हटवा. कांदा, चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. बहुतेक मुलं मिनिटभरात डोळे उघडतात. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, झटके आले किंवा श्वास नीट वाटला नाही, तर लगेच 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागा. अंग तापलेलं असेल आणि मूल असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात असू शकतो. 108 ला बोलवा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला.

आणि मुळात पडू नये म्हणून? 1 मे चं झेंडावंदन आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात येतं. तुम्ही शिक्षक असाल तर कार्यक्रम लवकर उरका, भाषणं सावलीत बसवून ऐकवा. राष्ट्रगीताला स्तब्ध उभं राहणं मिनिटभराचंच असतं, त्याने कुणी पडत नाही. पडतात ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासात. तेवढा वेळ 'विश्राम'मध्ये टाचा वर-खाली करायला सांगा. शिस्त कुठेही जाणार नाही.