तळटीप ७ : ‘समाजशास्त्राचा वर्ग’

लेखक ज्याचा ओझरता उल्लेख करतात तो मुंबई विद्यापीठाचा ‘सोशिऑलॉजी अँड सिव्हिक्स’ विभाग, स्थापना १९१९. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस : शिक्षण जीवशास्त्राचे, नाव झाले नगररचनेत. नव्या विषयाचा पहिला मास्तर दुसऱ्याच घरून आणावा लागतो, त्याला इलाज नसतो. १९२४मध्ये आलेले गो. स. घुर्येही मूळचे संस्कृतचे, केंब्रिजची पीएच.डी. मात्र गाठीशी होती. दारावर पाटी लागली म्हणून विद्वान मंडळी विषयाला पंक्तीत बसवत नाहीत. घुर्यांनी विद्यार्थी घडवले, हे खरे काम. चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात गेल्या. एम. एन. श्रीनिवास यांनी आधी बडोद्याला, मग दिल्लीला विभाग उभा केला. अभ्यासकांची हक्काची संघटना, इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी, निघाली १९५१च्या अखेरीस आणि तिचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ १९५२मध्ये. दोन्हींमागे पुन्हा घुर्येच. म्हणजे विभाग आधी आणि नियतकालिक तेहतीस वर्षांनी! प्रस्तुत प्रकरणातला ‘हा कसला विषय?’ हा प्राध्यापकांचा सूर या मधल्या काळातला आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. — संपा.