कर्णधार कोण?

पावसाळा सरून दसरा झाला की मैदानांवर पुन्हा रोलर फिरू लागतो, मॅटिंग उन्हात पसरले जाते आणि हौशी क्रिकेट मंडळांच्या बैठकांना आरंभ होतो. वर्गणी किती घ्यावी, सामने कोणाशी ठरवावेत आणि कर्णधार कोणास नेमावे, हे तीन प्रश्न दरसाल पुढे येतात. त्यांतील तिसरा सर्वांत नाजूक. मंडळाच्या घटनेत लिहिलेले नियम एक असतात आणि निवडीच्या वेळी चालणारे न लिहिलेले नियम निराळेच असतात, हे आम्हां वकिलांस सांगावयास नको. या न लिहिलेल्या नियमांचा इतिहास पालवणकर बंधूंच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

थोरले बाळू यांचा जन्म धारवाडास, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात दरमहा 4 रुपयांवर ते खेळपट्टी झाडीत, रोलर फिरवीत, जाळी बांधीत. ग्रेग यांच्यासारखे नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेत; बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. पुढे त्यांची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदु संघाने, आपसांत पुष्कळ वाद झाल्यावर, त्यांस संघात घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी या मंडळींस केला.

मुंबईस आल्यावर बाळू हिंदु जिमखान्याचे आधारस्तंभ झाले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, तेव्हा दोन्ही डावांत मिळून बाळूंनी 8 गडी बाद केले होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. असे असूनही हिंदु संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. तो मान वडीलकीने व अनुभवाने बाळूंचा होता, असे खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीरपणे बोलून दाखविले. मानकऱ्याने आपला मान दुसऱ्याचा आहे असे सांगावे, हे त्यांच्या मनाच्या मोठेपणाचे लक्षण होय. पण त्याने नेमणूक बदलली नाही.

1920 साली प्रकरण विकोपास गेले. बाळूंना वगळले गेले आणि धाकटे विठ्ठल यांस डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे सोपविण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि अन्यायाचे कारण जात आहे, असे स्पष्ट सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. बंधू परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि अंतिम सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, आणि त्या वर्षी चौरंगी स्पर्धा हिंदूंनीच जिंकली.

अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा ठरविणारा कायदा 1 जून 1955 पासून अमलात आला; बाळू 4 जुलै 1955 रोजी निवर्तले. कायद्याने दार उघडते, परंतु पंक्तीत पाट मांडण्याचे काम यजमानालाच करावे लागते, हे देवस्थानांचे उत्सव चालविणाऱ्या आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. क्रिकेटच्या नियमांत जात नाही. ती शिरते ती निवडसमितीच्या खोलीत आणि चहाच्या टेबलापाशी.

म्हणून नव्या हंगामाच्या पहिल्या बैठकीस आमची एक साधी सूचना आहे. कर्णधाराचे नाव सुचविणाऱ्याने त्याची कारणे सभेपुढे मांडावीत व ती इतिवृत्तात लिहिली जावीत. जे कारण लिहिण्यास संकोच वाटेल, त्यावर निवड होऊ नये. आणि सकाळी लवकर येऊन रोलर ओढणाऱ्या मुलास सराव संपण्यापूर्वी दहा चेंडू तरी खेळावयास द्यावेत.