सांबार आपलं की त्यांचं? सकाळच्या एका वाटीचा इतिहास

गेल्या महिन्यात कासारवडवलीहून एक काकू तपासायला आल्या होत्या. वय ६८, डायबेटिस बारा वर्षांचा. उपाशीपोटीची शुगर बरी होती, नाश्त्यानंतरची मात्र २३६. खुर्चीतून उठताना त्या दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेत होत्या, ते मला शुगरपेक्षा जास्त खटकलं. मांड्यांचे स्नायू कमी होत चालल्याची ती खूण असते.

नाश्त्याला काय घेता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलगा सकाळी हॉटेलातून पार्सल आणतो. चार इडल्या. तेल नाही, तूप नाही. सांबार मी घेत नाही डॉक्टर. ते नुसतं पाणी असतं. आणि ते काही आपलं नव्हे, तिकडचं आहे."

नुसतं पाणी असतं आणि आपलं नव्हे, असे हे दोन आरोप. पहिल्यात बरंच तथ्य आहे. दुसऱ्यासाठी आपल्याला थोडं तंजावरला जाऊन यावं लागेल.

तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर ती गोष्ट आली असेलच. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी ते १६७५-७६ च्या सुमारास मिळवलं. एकोजींचे पुत्र शहाजीराजे (महाराजांच्या वडिलांचे नातू, नावाचा गोंधळ करू नका) यांच्याकडे छत्रपती संभाजीराजे पाहुणे आले. आमटीला लागणारं कोकम संपलं होतं, म्हणून मुदपाकखान्यात चिंच घातली गेली. पाहुण्यांना आमटी आवडली आणि त्यांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले.

गोष्ट छान आहे, पण पुरावा म्हणून कच्ची आहे. शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजीराजांची म्हैसूर-त्रिचनापल्लीकडची मोहीम त्याआधीची, १६८२ च्या सुमाराची. चिंचेसाठी तर तमिळ स्वयंपाकघराला कोणा पाहुण्याची वाट पाहायची गरजच नव्हती. तिथल्या प्राचीन संगम साहित्यातही चिंच आहे.

शिवाय हा शब्द एकट्या तंजावरचा नाही. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेलं साहित्य, सामग्री. तुमचं माहेर विदर्भात असेल तर तुम्ही कोथिंबिरीलाच सांभार म्हणत असाल आणि सांबारवडी तुम्हाला सांगायला नको. गुजराती ताटात कोबी-गाजराचा संभारो असतो. केरळात मसाला घातलेल्या ताकाला संभारम म्हणतात. मसाला, मसाला लावलेलं काहीतरी, असा अर्थ घेऊन हा शब्द अर्ध्या भारतात फिरलेला आहे. त्याला संभाजीराजांच्या नावाची गरज नाही. (आणि पाट्या रंगवणाऱ्यांना विनंती: 'इडली सांबर' लिहू नका. सांबर हे हरीण. ते आपल्या रस्त्याला लागूनच असलेल्या येऊरच्या जंगलात राहतं, त्याला तिथेच राहू द्या.)

मग तंजावरचा आणि आपल्या जेवणाचा संबंधच नाही का? आहे, आणि तो या गोष्टीपेक्षा भक्कम आहे. एकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे मराठी पंडित होते. त्यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात कोणतं धान्य, कोणती डाळ, कोणती भाजी शरीराला कशी, याची चर्चा आहे. म्हणजे हे आहारशास्त्राचंच पुस्तक. याच घराण्यातले सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या काळात मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिलं गेलं. याच राजाने धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, डोळ्यांच्या चित्रांसकट, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. २०० वर्षांपूर्वीचे केसपेपर! माझ्यासारख्याला त्यांचं अप्रूप सांबारापेक्षा जास्त, पण ते पुन्हा कधीतरी.

सांगायचा मुद्दा असा की तंजावरच्या चुलीवर मराठी आणि तमिळ हात जवळजवळ पावणेदोनशे वर्षं एकत्र वावरले. तिथला कारल्याचा किंवा वांग्याचा डाळ घातलेला 'पिटलै' बघा. त्याच्या नावाचं नातं आपल्या पिठल्याशी जोडतात. सांबार कोणी 'शोधलं' हा प्रश्न सोडून द्या. शिजवलेली तूर, आंबट काहीतरी, गूळ, हिंग, फोडणी, हे वाचून तुम्हाला चिंच-गुळाची आमटी आठवली ना? ती आणि सांबार ही एकाच घरातली भावंडं.

तुरीची डाळ तर मुळातच भारतातली. तिचे रानटी नातेवाईक आजही आपल्या पूर्वेकडच्या जंगलांत उगवतात. त्या वाटीत खरं परकं काही असेल तर ती मिरची. ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी इकडे आणली. त्याच पोर्तुगीजांचा किल्ला आपल्या रस्त्याच्या टोकाला घोडबंदरला उभा आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. मिरचीला मात्र कोणी घरातून हाकललं नाही.

इडलीचाही इतिहास ऐका, कारण तो तुमच्या शुगरशी थेट संबंधित आहे. दहाव्या शतकातल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात इड्डलिगे येते. ११३० च्या आसपास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात इडरिका आहे. (हे कल्याणी म्हणजे बिदरजवळचं बसवकल्याण, आपलं स्टेशन नव्हे.) ही इडरिका उडदाच्या डाळीची होती, तिच्यात तांदूळ नव्हता. आजच्या इडलीत एक भाग उडीद आणि तीन-चार भाग तांदूळ. म्हणजे काकूंच्या चार इडल्या हा मुख्यतः भातच झाला, फक्त वाफवलेला आणि गोल. एका इडलीत प्रोटीन जेमतेम दीड-दोन ग्रॅम.

आता पहिला आरोप, पाण्याचा. मुंबईत सांबार घरोघरी पोचवलं ते उडुपी हॉटेलांनी. माटुंग्याला स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. तिथे आणि तशा इतर ठिकाणी सांबार भाताबरोबर पोटभर जेवायचा पदार्थ होता. पुढे इडली-डोसा हा नाश्ता झाला आणि सांबार त्याच्याबरोबर फुकट मिळणारी वाटी झाली. 'और सांबार देना' म्हटलं की वाढपी बादली घेऊन येतो. फुकटच्या वाटीत कोणता हॉटेलवाला मुठीमुठीने डाळ घालणार? घोडबंदर रोडवर सकाळी पार्सलच्या पिशवीत येतं ते बहुतेक वेळा चिंच, मीठ, मसाला आणि तळाला शोधावी लागणारी डाळ. काकूंचं निदान बरोबर होतं. इलाज चुकला. त्यांनी पाणी सोडलं, पण डाळ घरात आणली नाही.

कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतं, आणि आपल्याकडे सकाळच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं. पोहे, उपमा, साबुदाणा, चहा-खारी, सगळीकडे तीच कथा. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणून इडली आणि सांबार एकत्रच खायचे. डाळ आणि भाज्यांचा चोथा पोटात असला की इडलीतली साखरही रक्तात सावकाश उतरते.

म्हणून काकूंना सांगितलं: इडल्या दोन, सांबाराच्या वाट्या दोन. चार माणसांना १०० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे साधारण पाऊण वाटी. रात्री डाळ धुऊन तासभर भिजवा, ते पाणी टाका, हळद-हिंग घालून शिट्ट्या काढा आणि थंड झाली की फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी शेवग्याच्या शेंगा, दुधी, लाल भोपळा, जे असेल ते शिजवा. चिंचेचा कोळ, सांबार मसाला आणि घोटलेली डाळ घालून उकळी आणा, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्या. वीस मिनिटांचं काम. गुळाचा खडा शेंगदाण्याएवढाच. मीठ हात राखून, कारण मसाल्याच्या पाकिटातही मीठ असू शकतं आणि दिवसभराचं मिळून पाच ग्रॅमच्या आत ठेवायचंय.

"गॅस होतो हो तुरीने," काकू म्हणाल्याच. खरं आहे. चरकसंहितेतही आढकी, म्हणजे तूर, वातूळच सांगितली आहे. डाळीतल्या काही साखरा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू सोडतात. भिजवलेलं पाणी टाकलं की त्या थोड्या कमी होतात. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा, आठ-दहा दिवसांत पोटाला सवय होते.

दोन सूचना. किडनीचा आजार असेल तर डाळीचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, वर दिलेलं माप तुमच्यासाठी नाही. आणि युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलं म्हणून डाळ पूर्ण बंद करणारे बरेच जण भेटतात. मटण आणि दारू चालू, वरण बंद! गाऊटचा धोका वाढतो तो मांस, मासे, दारूने. डाळींनी तो वाढल्याचं दिसत नाही.

तीन आठवड्यांनी काकू परत आल्या. नाश्त्यानंतरची शुगर १७४ होती. इडल्या निम्म्या झाल्याचा त्यात मोठा वाटा आहे, हे त्यांनाही सांगितलं. मांड्यांमधली ताकद तीन आठवड्यांत येत नसते, त्यासाठी खुर्चीतून उठ-बस करायचा व्यायाम दिलाय, दिवाळीनंतर बघू. उठता उठता त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "डॉक्टर, परवा चिंच संपली होती. मी चार आमसुलं टाकली सांबारात. चालतं ना?"