शेवटची ओळ आली का?

मी तोफखान्यातला माणूस. पहाडी तोफ आमच्याकडे अख्खी डोंगर चढत नसे. तिचे सुटे भाग करायचे, खेचरांवर लादायचे आणि वर नेऊन पुन्हा जोडायचे. वाट जेवढं पेलते, तेवढंच ओझं करायचं. आजची गोष्ट अशाच एका वाटेची आहे, आणि ती आमच्या कोलकात्यापासून सुरू होते.

कलकत्ता मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९मध्ये इथे तारेचे प्रयोग केले. १८५०मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गाचं काम सुरू झालं आणि १८५१मध्ये त्यावरून संदेश जाऊ लागले. शिवचंद्र नंदी हे या कामातले त्यांचे बंगाली सहकारी. १ फेब्रुवारी १८५५पासून तार सर्वांसाठी खुली झाली. तारेला भाषा कळत नाही. तिला कळतात फक्त विजेचे इशारे. म्हणून आनंद असो की दुःख, सगळं आधी खुणांत बसवावं लागे. शिवाय तारबाबू शब्द मोजत. मोजलेले आणि पोचलेले शब्द जुळले नाहीत, तर काहीतरी वाटेत सांडलं हे लगेच कळे.

ईमेलची वाटही अशीच अरुंद होती. १९८२च्या नियमांप्रमाणे टपाल सात बिटांच्या अक्षरांत जायचं. त्यात १२८ चिन्हं बसतात, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही यंत्राच्या खुणा. फोटो किंवा प्रोग्रॅमच्या फाइलला मात्र आठही बिट लागतात. ती तशीच पाठवली तर वाटेतलं एखादं यंत्र आठवा बिट कापून टाकी आणि फाइल मोडे.

यावर १९८०मध्येच बर्कली विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी तोड काढली होती. तिचं नाव यूयूएन्कोड. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला छापता येईल असं एक चिन्ह द्यायचं. सहा बिटांत ६४ शक्यता, म्हणून चिन्हं ६४. तीनाच्या जागी चार चिन्हं आल्यामुळे ओझं एक तृतीयांशाने वाढतं, पण माल सुखरूप पोचतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीत किती बाइट आहेत हे सांगणारं चिन्ह असतं. पूर्ण ४५ बाइटच्या ओळीला 'एम'. सुरुवातीला 'बिगिन' आणि शेवटी 'एंड'.

आता माझी गोष्ट. १५ ऑगस्ट १९९५ला मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी नेमणूक इथे होती आणि साताऱ्याकडे वडील आजारी होते. पुण्याच्या चुलतभावाने त्यांचं हातचं पत्र स्कॅन करून ईमेलने पाठवलं. एका ओळखीच्या बंगाली गृहस्थांकडे ते आलं. कागदावर छापलं तेव्हा नुसती कॅपिटल अक्षरं आणि चिन्हं, ओळीमागून ओळ 'एम'ने सुरू होणारी. मला वाटलं, हा तर सांकेतिक संदेश! त्यांच्या मुलाने ते हसत हसत उलगडलं आणि पडद्यावर अण्णांचं अक्षर उमटलं. खाली करडा पट्टा होता. मला वाटलं, पत्र तेवढंच असेल.

फाइल मोठी म्हणून भावाने तिचे दोन भाग केले होते. दुसरा भाग वाटेतच राहिला. मूळ पत्र टपालाने मागाहून आलं, तेव्हा मी अण्णांचे दिवस उरकून परतलो होतो. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'रजा मिळाली तर येऊन जा.'

दोष कुणाचा? माझाच. 'एंड' ही ओळ त्या छापील कागदावर नव्हती. आयुष्यभर खेचरांवरचे नग मोजणाऱ्या माणसाने ती शोधली नाही.

जून १९९२मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे नवं मानक मांडलं होतं. हळूहळू सगळीकडे तेच रुळलं. त्यातली बेस-६४ ही पद्धत आजही तुमच्या ईमेलच्या बहुतेक जोडपत्रांखाली राबते. हिशेब तोच, तीनाचे चार. गंमत बघा, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट लागतात. म्हणजे बेस-६४मध्ये बरोबर चार चिन्हं. 'आई' हा शब्द तिथे '४-के-एस-जी, ४-के-एस-आय' असा होतो. दिसायला रुक्ष, पण उलगडला की आईच.

जुलै २०१३मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. डलहौसी स्क्वेअरवरून जाताना मला तारबाबूंची शब्द मोजायची सवय आठवते. घरच्यांचं काही आलं, तर एवढं विचारा: सगळं आलं ना? शेवटची ओळ आली का?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.