दिनविशेष, ५ एप्रिल : एका फुप्फुसावर तीस वर्षे

१९३३ : अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगाने ग्रासलेले डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत पूर्ण काढले. रुग्ण पिट्सबर्गचे ४८ वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ. ठरले होते एकच खंड काढायचे. पण छाती उघडल्यावर गाठ दुसऱ्या खंडाकडे सरकलेली दिसली. ग्रॅहम यांनी फुप्फुसाच्या देठाभोवती रबरी नळी आवळली, रक्ताभिसरण टिकते का ते पाहिले, मग चिमटे लावून देठ कापला आणि कॅटगटने दुहेरी बांधला. पोकळी बुजावी म्हणून सात बरगड्याही काढल्या! आता धमनी, शिरा, श्वासनलिका सुट्या करून स्टेपलरने बंद करतात, तेही बऱ्याचदा छोट्या छेदांतून.

ग्रॅहम यांचे दुसरे काम संगमनेर-नगरच्या विडीच्या मुलखाला अधिक जवळचे. अर्न्स्ट विंडर यांच्यासह त्यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. स्वतः मात्र पट्टीचे सिगारेटबाज. पुढे सोडली, पण उशिराच. १९५७ मध्ये याच रोगाने ते गेले. त्यांचा रुग्ण तेव्हाही हयात होता.