अक्रोडाचा दस्ता

आपल्या या पुरवणीत गणपतीच्या मखरापासून मुलांच्या कॉलेजच्या फीपर्यंत सगळ्या विषयांवर लेख येऊन गेले आहेत. बंदुकीच्या दस्त्यावर मात्र हा बहुधा पहिलाच असावा. विषय ऐकल्यावर संपादिकाबाई फोनवर काही क्षण गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हरकत नाही, पण रक्त फार नको." रक्त अजिबात नाही. आहे ते लाकूड, प्लॅस्टिक आणि थोडे गणित.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे २०१८ सालापर्यंत हरणाच्या रायफल-शिकारीचा पहिला दिवस म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार, आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी. २०१९ पासून तो शनिवारवर आला. आमचे शेजारी साठ वर्षे हा सण पाळत आलेले गृहस्थ. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली रेमिंग्टन ७०० रायफल मला दिली. दुकानदारामार्फत, रीतसर कागद करून. (ग्रीनकार्डवाल्यांना हे चालते. एच-वनवर असलेल्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावे. १९९८ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायला बंदी आहे.) मी ती तिजोरीत ठेवून विसरलो असतो. पण माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने त्या आजोबांकडून सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिने शिकाऱ्यांचा सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि परवाना आणून माझ्यासमोर ठेवला. घरात तीन दिवस अबोला होता. माझ्या बायकोच्या माहेरी अंडेसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतात.

आता अडचण. ही रायफल बोल्टची, म्हणजे प्रत्येक बारानंतर दांडी हाताने मागे ओढून पुढचे काडतूस भरायचे. (इथे हरणासाठी आपोआप भरणारी रायफल चालत नाही.) दुर्बिणीसकट वजन नऊ पौंड. लेकीने खांद्याला लावली तर दुर्बिणीपर्यंत मान पोचेना आणि नळीचे टोक दोन मिनिटांत खाली झुकू लागले. गनस्मिथ म्हणाला, "मागून दीड इंच कापून टाका." अक्रोडाचा तो दस्ता आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेला. गालाच्या जागी लाकूड काळसर पडले होते. करवत लावायला माझा हात धजेना. म्हणजे दुसरा दस्ता घ्यायचा. हलका हवा आणि खिशाला परवडणारा हवा.

माझ्या आजोळी कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ता मानेजवळ चिरला तेव्हा आजोबांनी तांब्याची पट्टी मारून घेतली. नवा घ्यायची कल्पनाच नव्हती, कारण प्रत्येक बंदुकीचा दस्ता तिच्यापुरता कोरलेला असतो. अमेरिकेतही पूर्वी तसेच होते. अठराव्या शतकात जर्मनीतून आलेल्या बंदूक-कारागिरांनी आमच्या इथून जवळच लँकेस्टरला आपल्या आखूड, जाड रायफली लांब-सडपातळ केल्या आणि अक्रोडाच्या जागी इथले लहरीदार मेपल वापरले. नव्या देशात आल्यावर त्यांनीही आधी दस्ताच बदलला, हे वाचून मला हसू आले. पण तेही काम हाताचेच होते.

हे बदलले थॉमस ब्लँचर्ड नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या माणसाने. १८१९ मध्ये त्याने एका लेथचे पेटंट घेतले. तयार दस्ता आणि लाकडाचा ओबडधोबड ठोकळा एकाच वेळी फिरतात. एक चाक तयार दस्त्याच्या अंगावरून सरकते, आणि ते जिथे आत-बाहेर होते तिथे शेजारचे पाते लाकूड तेवढेच कोरते. गोल वस्तू लेथवर करणे जुनेच होते, पण वाकडीतिकडी वस्तू हुबेहूब काढणे हे नवे. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात ही यंत्रे बसली, आणि पुढे बुटांचे साचे, कुऱ्हाडीचे दांडे सगळे तसेच निघू लागले. तिथल्या संग्रहालयात त्यातला एक लेथ आजही आहे. गेल्या वर्षी मी त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिलो की पहारेकऱ्याने चौकशी केली. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला प्रोग्रॅम म्हणतो, तो तिथे लाकडाचा होता, इतकेच.

एक हुबेहूब निघाला की हजार निघतात, आणि मग सुटा दस्ता विकता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या लष्करी माऊझर आणि स्प्रिंगफील्ड रायफली स्वस्तात बाजारात आल्या. त्यांचे लाकूड जड आणि नळीच्या टोकापर्यंत गेलेले. ते काढायचे आणि शिकारी थाटाचा दस्ता बसवायचा, हा इथल्या कामगार माणसाचा तळघरातला छंद झाला. मिसुरीतल्या वॉर्सॉ या लहानशा गावात बिशप आणि फेयन अशा दोन कंपन्या काळ्या अक्रोडाचे अर्धवट कोरलेले दस्ते टपालाने पाठवत. उरलेले काम गिऱ्हाइकाने छिन्नी आणि पॉलिशपेपर घेऊन करायचे. १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदूक मागवणे बंद झाले, दस्ते मात्र येत राहिले, कारण कायद्याच्या नजरेत दस्ता म्हणजे बंदूक नव्हे.

लाकडाचा दोष वेगळाच. काळा अक्रोड पूर्ण सुकताना रेषेला आडवा साडेसात टक्क्यांच्या पुढे आकसतो, पण लांबीत जवळजवळ नाहीच. दमट हवेत तो पुन्हा फुगतो, नळीला टेकतो आणि नेम सरकतो. मरीन कोअरने १९६६ मध्ये माझ्या रायफलीच्याच भावंडाला, एम-४० ला, अक्रोडाच्या दस्त्यासकट व्हिएतनामला पाठवले. तिथल्या पावसात ते लाकूड वाकले. सत्तरच्या दशकात आलेल्या एम-४०-ए-१ ला मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता होता. कागदावरच्या छिद्रांची स्पर्धा करणाऱ्या बेंचरेस्टवाल्यांनी हा प्रयोग त्याआधीच सुरू केला होता. १९८३ मध्ये वेदरबीने कारखान्यातूनच असा दस्ता दिला. साच्यातल्या प्लॅस्टिकचा इतिहास निराळा: १९५९ साली रेमिंग्टनने, तेव्हाची मालक कंपनी ड्युपाँटच्या नायलॉनचा, 'नायलॉन ६६' हा छोटा रायफल-प्रकार काढला. दहा लाखांहून अधिक खपल्या.

फायबरग्लास आणि साच्यातले प्लॅस्टिक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी वाचून शिकलो नाही, शंभर डॉलर घालवून शिकलो. दुकानात दोन्हींना 'सिंथेटिक' म्हणतात आणि दोन्ही काळे. मी स्वस्तातला घेतला. घरी किचनच्या काट्यावर ठेवला: अक्रोड ३९ औंस, हा ३६. तीन औंस! तेवढे तर खिशातल्या चॉकलेटचे असते. शिवाय रेंजवर पहिल्या तीन गोळ्या एका ठिकाणी, पुढच्या दोन चार इंच डावीकडे. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवून पाहिली तर आरामात जाई, पण रायफल वाळूच्या पिशवीवर टेकली की अडके. पुढचा भाग रबरासारखा वाकत होता. पीएच.डी.त मी संमिश्र पदार्थांच्या ताठरपणावर दोनशे पाने लिहिली आहेत. त्या दिवशी ते कुणाला सांगितले नाही.

मग हाताने थर लावलेले फायबरग्लास पाहिले. कापडाचे थर आणि रेझिन यांचे कवच बाहेर, आत फेस. ताठरपणा बाहेरच्या कवचात असतो, म्हणून आत वजन लागत नाही. कार्बन घातलेले आणखी हलके, पण किंमत रायफलीच्या जवळ जाते. कान्ससमधल्या बेल अँड कार्लसनसारखे मधल्या किमतीचेही असतात. त्यांत ॲल्युमिनियमचा ठोकळा असल्यामुळे बसतात छान, पण वजन अक्रोडाच्या आसपासच. मला शेवटी गनस्मिथच्या कपाटात एक जुना, फेस भरलेला, रंग उडालेला दस्ता सापडला: २८ औंस, पावणेदोनशे डॉलर. नळीच्या बुडाखाली इपॉक्सीची बैठक मी स्वतः ओतली. मागून दीड इंच कापताना हात थरथरला नाही.

वाचलेले अकरा औंस फुकट नव्हते. संवेग तोच राहतो, त्यामुळे धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. नऊ पौंडांवरून सव्वाआठवर आलो की आठ टक्क्यांनी जास्त. लेकीच्या खांद्यासाठी म्हणून हलकी केलेली रायफल तिच्याच खांद्यावर जास्त आदळणार. म्हणून जाड रबरी गादी लावली आणि सौम्य काडतुसे घेतली. पहिल्या बाराला तिने डोळे मिटले, तिसऱ्याला नाही.

डिसेंबरात आम्ही दोघे नारिंगी जाकिटे घालून साडेपाच तास एका ओकखाली बसलो. एक मादी आणि तिचे पिल्लू आले. लेकीने रायफल उचलली, बराच वेळ धरून ठेवली, नळी झुकली नाही. मग खाली ठेवली. का, ते मी विचारले नाही.

परतताना शेजाऱ्यांकडे थांबलो. त्यांनी आधी रायफलीचा तो रंग उडालेला दस्ता हातात घेऊन पाहिला, नाक मुरडले आणि विचारले, "माझा कुठे आहे?" तिजोरीत, जवसाचे तेल लावून फडक्यात गुंडाळलेला, असे लेकीने सांगितले. ती सतरा वर्षांची झाली की तो तिच्या मापाचा होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. माझा हिशेब सोळाचा आहे.