हंगामाच्या गावातील सातवा दिवस

मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येला सकाळी दहाच्या सुमारास लातूर शहरात उतरलेल्या परगावच्या माणसाला, आपण चुकीच्या दिवशी आलो, असे वाटल्यावाचून राहत नाही. एरवी गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र दुकाने बंद, अडतीवर पोत्यांची चढउतार नाही, रिक्षा मिळणेही कठीण. शहर बंद पाडण्यासाठी कोणी मोर्चा काढलेला नसतो. लोक शेतावर गेलेले असतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतावर, ज्याला नाही तो शेजाऱ्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या शेतावर पाहुणा म्हणून जातो. कडब्याची खोप उभारलेली असते, तिच्यात पूजा होते आणि मग ज्वारी-हरभऱ्याच्या उभ्या पिकाजवळ बसून भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर यांचे जेवण होते. ही वेळ अमावास्या. खेड्यातील बोलीत येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडील बीदरचा मुलूख या साऱ्यांचा हा सण. नाताळच्या थोडा आधी किंवा थोडा नंतर तो येतो, आणि आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही शेजाऱ्यांचे आग्रहाचे आमंत्रण असते.

या सणाची एक बाजू आपल्या विचाराचा विषय व्हावी असे मला वाटते. ही सुट्टी मंदीच्या दिवसांत येत नाही, ऐन हंगामात येते. जे शहर हंगामावर जगते, तेच हंगामात एक दिवस आपला गल्ला मिटते. हे कसे घडते, आणि वर्षातून एकदा जे सहज जमते ते आठवड्यातून एकदा का जमत नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

लातूरला व्यापारी शहराचे आजचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि निजामाच्या राज्यातील या भागाच्या मालाला बाहेरच्या बाजारपेठांची वाट मोकळी झाली. पुढे १९१७ साली गंजगोलाई बांधली गेली. मध्ये वर्तुळाकार इमारत आणि तिला चोहोबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना. कापड, सराफी, भुसार अशा एकेका व्यापाराच्या ओळी त्या रस्त्यांवर वसल्या. तूर, तेलबिया आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीन यांच्यावर अडती, डाळमिल आणि तेलगिरण्या चालू लागल्या.

अशा गावाचे घड्याळ पिकाच्या हाती असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास खरिपाचा माल बाजारात येतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा पडतो आणि मग कापडवाला, भांडीवाला, शिंपी, मिठाईवाला, सायकल दुरुस्त करणारा, सर्वांचे दिवस फिरतात. लग्नसराई आटोपून मृगाची चाहूल लागली की शेतकऱ्याचा पैसा बियाण्याखतात जातो आणि इतर दुकानांत माशा मारण्याची वेळ येते. थोड्या महिन्यांत कमवायचे आणि वर्षभर खायचे, हा लहान व्यापाऱ्याचा हिशेब. एक दिवस दुकान बंद ठेवणे म्हणजे काय, हे मासिक पगारावर जगणाऱ्यास सहसा उमगत नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातील माळेगाव येथे याचेच दुसरे टोक पाहावयास मिळते. तेथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्षातच, याच अमावास्येच्या आगेमागे भरते. घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. लातूरचा दुकानदार शेतावर जेवत असतो, त्या वेळी माळेगावच्या माळावर हजारो लहान विक्रेते पाल ठोकून दिवसरात्र माल विकत असतात. एकाच तिथीला एका ठिकाणी विसावा आणि दुसऱ्या ठिकाणी वर्षाची कमाई! यात्रेकरू व्यापाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याची मुलेबाळे त्याच पालात असतात आणि त्याचे पीक ते चार-पाच दिवसच असते.

खंडोबाचे नाव निघाले, म्हणून एका थोर माणसाचे स्मरण येथे करणे उचित होईल. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्या काळी गिरणी पहाटे सुरू होई आणि दिवस मावळेपर्यंत चाले. साप्ताहिक सुट्टी अशी नसेच. लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी होणाऱ्यास मदत, अशा त्यातील मागण्या होत्या. सुट्टी रविवारीच का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर नेहमी सांगितले जाते: रविवार हा खंडोबाचा वार, आणि बहुजन समाजाला आपल्या कुलदैवतासाठी व समाजकार्यासाठी तो मोकळा हवा. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यातही कामगाराच्या साप्ताहिक विश्रांतीचा हक्क सांगितला असून, ही विश्रांती नुसता आळस नव्हे तर ईश्वराकडे मन वळविण्याची संधी आहे, असे प्रतिपादन आहे. एकाने खंडोबाच्या नावाने मागितले, दुसऱ्याने प्रभूच्या नावाने. श्रमणाऱ्या माणसाचा देव त्याला आठवड्यातून एकदा भेटला पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते.

मराठवाड्याची कथा मात्र थोडी वेगळी. येथे निजामी राजवटीत सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा प्रदेश भारतात सामील झाला आणि रविवार सुट्टीचा वार झाला. पण खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या व्यापाऱ्याला ना शुक्रवार लागू होता, ना रविवार. त्याचा आठवडा बाजाराच्या वारांनी बांधलेला. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या; आणि ज्या गावचा बाजार रविवारी, तेथील दुकानदाराला रविवार हाच सर्वांत अधिक धावपळीचा दिवस.

कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला होता. १९४२ च्या साप्ताहिक सुट्टी कायद्यात आणि १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहावे, असे तत्त्व होते. त्याचा एक लाभ मालकालाही आपोआप होई: शेजारच्याचे दुकान बंद असल्यामुळे आपलेही बंद ठेवण्यात तोटा नसे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्यास मोकळीक दिली. कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळालीच पाहिजे, ही अट मात्र राखली. ज्या दुकानात मालक, त्याची पत्नी आणि शाळेतून आलेला मुलगा एवढेच कामगार असतात, त्या दुकानाला या अटीचा काय उपयोग? लोखंड्यांनी गिरणीमालकाकडे सुट्टी मागितली. ज्याचा मालक तो स्वतःच आहे, त्याने ती कोणाकडे मागावी?

पवित्र शास्त्राला ही अडचण ठाऊक आहे. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात सातव्या दिवसाची आज्ञा पुन्हा सांगताना, नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही ती पाळावी, असे मुद्दाम म्हटले आहे. म्हणजे ऐन हंगामातही सूट नाही. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हा न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना काम थांबविण्यास सांगितले; परंतु पिकाची वेळ हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना मोकळीक दिली. मोशेचे नियमशास्त्र आणि सम्राटाचा हुकूम यांच्यातील या अंतरातच आजचा आपला लहान व्यापारी उभा आहे.

आमोस संदेष्ट्याने तर धान्याच्या व्यापाऱ्यांनाच बोल लावले. शब्बाथ केव्हा एकदा संपतो आणि आपण कोठार उघडून खोट्या मापाने धान्य विकतो, अशी घाई झालेल्यांचे चित्र त्याने आठव्या अध्यायात रेखाटले आहे. नहेम्याने दुसरा मार्ग अवलंबिला. शब्बाथाच्या दिवशी यरुशलेमेत माल येतो, हे पाहून त्याने नगराच्या वेशीच बंद करविल्या. आमोसाने व्यापाऱ्याच्या मनाला हात घातला. नहेम्याने सर्वांच्या वेशी एकाच वेळी लावल्या. मला वाटते, दोन्ही गोष्टींची गरज आहे, आणि आम्ही धर्मगुरूंनी पहिलीवरच फार भर दिला.

हे मी स्वानुभवावरून लिहितो. लातूर हे आता शिक्षणाचेही हंगामी गाव झाले आहे. जूनच्या आसपास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येतात, प्रवेशपरीक्षा झाल्या की परत जातात, आणि त्यांच्यावर खोल्या, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने चालतात. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी प्रवचनात, हंगाम आला की मिस्सा विसरणाऱ्यांना कठोर शब्दांत समज दिली. त्या दिवशी खाणावळ चालविणारी एक भगिनी योगायोगाने आली होती. मिस्सा संपल्यावर ती म्हणाली, “फादर, रविवारी दुपारी पोरांना गोडाचं जेवण असतं. रात्री सुट्टी देतो आम्ही, पण ती पोरांच्या जेवणाला. मी रात्री भांडी घासते आणि सोमवारची भाजी निवडते. माझा रविवार कधी असतो ते मला सांगा, त्या दिवशी मी येते.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन मी अनुवादाचा पाचवा अध्याय काढला. शब्बाथाच्या आज्ञेत कोणी विश्रांती घ्यावी याची यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतील परका. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ‘तू’ या शब्दातच ती अंतर्भूत आहे, असे भाष्यकार सांगतात, आणि ते योग्यही आहे. परंतु आमच्या घरांनी हे वाचन मान्य केले आहे का? पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लागते. येळवशीचा आनंद साऱ्या घराचा, पण त्यासाठी मध्यरात्री उठून चूल पेटवणारी एकटीच असते. विसावा ही घरातल्या एकाने दुसऱ्याच्या श्रमावर उपभोगायची वस्तू झाली, तर मिसर देशातील दास्याची आठवण देऊन दिलेल्या त्या आज्ञेचा हेतूच हरवतो.

नुसते बंद असणे म्हणजे विश्रांती, असेही समजू नये. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. २०२० साली टाळेबंदीत महिनोन् महिने दुकाने मिटलेली होती. त्या बंद दारांआड कोणी विसावला नाही. काळजीने झोप उडाली होती. जो दिवस आपण स्वखुशीने, शेजाऱ्यांच्या सोबतीने आणि उद्या पुन्हा दुकान उघडेल या भरवशाने राखून ठेवतो, तोच विसाव्याचा दिवस.

येळवस टिकून राहिली याचे कारण मला येथेच दिसते. सारी ओळ एकदम बंद असते, म्हणून कोणाचे गिऱ्हाईक कोणाकडे जात नाही. एकटा कापडवाला दुकान बंद ठेवून शेतावर गेला असता, तर ती त्याची चैन किंवा वेडेपणा ठरला असता. आठवड्याच्या सुट्टीलाही हेच लागू आहे. एकेका बाजारओळीतील व्यापाऱ्यांनी एकत्र बसून हंगामात निदान रविवारचा अर्धा दिवस बंद ठेवण्याचे ठरविले, तर कोणाचेच फारसे बिघडत नाही. आपली कुटुंबे संख्येने थोडी असली, तरी व्यापारी संघटनेच्या बैठकीत ही गोष्ट मांडायला संख्या लागत नाही. तेथे जैन, लिंगायत, मुसलमान आणि शीख बांधवही असतात, आणि त्यांनाही घर असते.

धर्मग्रामानेही आपली वेळ हलवावी. शनिवारी सायंकाळी मिस्सेत सहभागी होऊन रविवारचे कर्तव्य पार पाडण्याची मोकळीक ख्रिस्तसभेने दिलेलीच आहे. हंगामात पहाटेची मिस्सा ठेवता येते. खाणावळ चालविणाऱ्या दोघी-तिघींनी आळीपाळीने एकमेकींच्या चुलीचा भार उचलला, तर प्रत्येकीला महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळेल. आणि त्या दिवशी रात्रीची भांडी घरातल्या पुरुषाने व मुलांनी घासावीत, हे धर्मगुरूने प्रवचनात सांगायला हरकत नसावी.

त्या भगिनीला मी पुढच्या आठवड्यात भेटलो. शनिवारी सायंकाळी सात वाजता चालेल का, असे विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “साडेसात करा, तोवर भाकऱ्या आटपतात.” आता जूनपासून परीक्षांच्या दिवसांपर्यंत आमच्याकडे शनिवारची मिस्सा साडेसातला असते.